सावजी ताट आणि रेड ब्लेंड: नागपुरात बाटली निवडण्यापासून वाढण्यापर्यंत

नागपुरात रेड वाइनबद्दल एक तक्रार ठरलेली आहे. महागाची बाटली आणली, सावजी मटणासोबत उघडली, तोंड कडू झालं आणि घशात जाळ उठला. मग बाटलीला नावं ठेवली जातात, दुकानदाराला ठेवली जातात. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी बाटली येते, मग मेन्यू ठरतो, आणि वाइन थंड करायची की नाही हा वाद पाहुणे दारात उभे असताना सुरू होतो.

इथे तो क्रम सरळ करून मांडला आहे. यातल्या पहिल्या आणि पाचव्या टप्प्यावर नीट लक्ष दिलं, तर बाकी ठिकाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. ब्लेंड म्हणजे भेसळ नव्हे, उरल्यासुरल्या वाइनचं मिश्रणही नव्हे. दोन किंवा जास्त जातींच्या द्राक्षांची वाइन बहुधा वेगवेगळी आंबवतात आणि नंतर ठरवलेल्या प्रमाणात एकत्र करतात. एक द्राक्ष टॅनिन (तोंड कोरडं पाडणारा घटक) देतं, दुसरं गर, तिसरं रंग किंवा आंबटपणा. आपल्याला पाहायचं ते इतकंच, की यातला कुठला गुण आपल्या ताटाला मानवतो आणि कुठला त्रास देतो.

## सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

कॉर्कस्क्रू, पातळ काचेचे मोठे पेले, एक काचेचा जग, बाटली मानेपर्यंत बुडेल इतकं उंच पातेलं किंवा बादली, दोन किलो बर्फ आणि स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर. वाइन ओतून ठेवायचा महागडा डिकँटर नसला तरी काही अडत नाही. थर्मामीटर मात्र घ्याच. पेल्यांवर हजार रुपये घालण्यापेक्षा थर्मामीटरवर दोन-तीनशे घातलेले बरे.

## टप्पा १: आधी ताट ठरवा, मग तिखट जोखा

वाइनची निवड पदार्थाच्या नावावरून करू नका. "मटण आहे ना, मग रेड" हे अर्धंच उत्तर झालं. रस्सा किती तिखट, तेल किती, आंबट काय आणि गोड काय, हे चार प्रश्न आधी विचारा.

तिखटाचं गणित असं. मिरचीतल्या कॅप्सायसिनने तोंडातली जी उष्णतेची जाणीव चेतते, तीच अल्कोहोलनेही चाळवते. त्यामुळे १४.५ टक्क्यांची वाइन सावजी रश्श्यावर प्यायली की तिखट विझत नाही, भडकतं. दुसरी गोष्ट टॅनिनची. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या लाकडाच्या बॅरलमधून येणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. आधीच जळणाऱ्या जिभेवर हा कोरडेपणा कडवट लागतो. चरबी, प्रथिनं आणि मीठ मात्र टॅनिनला मवाळ करतात. म्हणून तीच बाटली सुक्या मटणाच्या चरबीदार तुकड्याबरोबर छान लागते आणि रश्श्याच्या घोटाबरोबर नकोशी होते.

आता नागपूरकडच्या नेहमीच्या पदार्थांकडे येऊ.

सावजी मटण रस्सा. काळी मिरी, लवंग, धणे, खसखस, दगडफूल आणि वर भिवापुरी मिरचीची तर्री. याला कमी टॅनिनची, फळाची चव पुढे असलेली, अल्कोहोल १३ ते १३.५ टक्क्यांच्या आत असलेली आणि ओक जवळजवळ नसलेली वाइन हवी. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, म्हणजे तिखटाचा मोठा वाटा तर्रीत असतो. त्यामुळे वाइन पिणाऱ्यांच्या वाटीतली तर्री पळीने काढून वेगळी ठेवा. नागपूरकराला तर्री काढायला सांगणं हा अपराधच, पण ती फेकायची नाहीये, बाजूच्या वाटीत द्यायची आहे. ज्याला हवी तो घेईल.

सुकं मटण, खिमा, तव्यावर परतलेली कलेजी. इथे चरबी आहे, करपवलेला मसाला आहे आणि पाणी कमी. थोडं टॅनिन चालतं, किंबहुना हवंच. कॅबरने-शिराझसारखे (ही दोन द्राक्षांची नावं) ब्लेंड या पदार्थांसाठी राखून ठेवा.

पाटवडी रस्सा. वडी बेसनाची असली तरी रस्सा तोच आहे, तेव्हा नियमही रश्श्याचेच लावा. शाकाहारी आहे म्हणून हलका, असं समजू नका.

भरीत. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि ओकमध्ये मुरलेल्या वाइनचा वास यांचं चांगलं जमतं. भरतात हिरव्या मिरच्या सढळ हाताने ठेचल्या असतील तर मात्र पुन्हा कमी टॅनिनकडे या. माझ्या मते रेड ब्लेंड आणि वऱ्हाडी जेवण यांच्यातली सगळ्यात सोपी जोडी हीच आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही.

वडाभात, गोळाभात. मसाला मध्यम आणि वरून तेलाची फोडणी. सोबत चिंचेचं सार असेल तर वाइनही आंबटपणा राखून असलेली हवी, नाहीतर सारापुढे ती पाणचट लागते. पानात भरपूर लिंबू पिळल्यावरही हेच होतं.

मासे. तळ्याचे असोत की नदीचे, सावजी रश्श्यातल्या माशांबरोबर रेड टाळा. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उग्र होतो आणि धातूसारखी चव मागे राहते. त्या दिवशी बाटली तशीच राहू द्या.

संत्रा बर्फी, पुरणपोळी, श्रीखंड. गोडासोबत कोरडी रेड वाइन आंबट आणि कडू लागते. गोड वाढायच्या आधी पेले उचला.

> तपासा: मेन्यू कागदावर लिहा आणि सगळ्यात तिखट पदार्थाभोवती गोल करा. बाटली त्या पदार्थासाठी घ्यायची, सगळ्यात आवडत्या पदार्थासाठी नाही.

नेहमीची चूक म्हणजे "जहाल जेवण, म्हणून जबरी वाइन". हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, जिभेवर टिकत नाही.

## टप्पा २: ब्लेंड प्रदेशावरून ओळखा

युरोपातल्या बऱ्याच बाटल्यांवर द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. तेव्हा कुठल्या प्रदेशात काय मिसळतात एवढं डोक्यात असलं की निम्मं काम झालं.

बोर्डो, फ्रान्स. कॅबरने सोविन्यों, मर्लो आणि कॅबरने फ्रांक ही मुख्य द्राक्षं. पेटी व्हर्दो आणि माल्बेक थोडकी. जिरोंद खाडीच्या डाव्या काठाला, मेदोक भागात, जमीन गोट्या-रेतीची. तिथे कॅबरनेचा जोर असतो आणि वाइन ताठ होते. उजव्या काठाला, सँतेमिलियों आणि पोमरोलकडे, मर्लो जास्त आणि वाइन त्या मानाने मऊ. तरुण, डाव्या काठची बोर्डो आणि सावजी रस्सा ही जोडी लावूच नका. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण किंवा सीख कबाब असेल तर खुशाल उघडा.

दक्षिण रोन, फ्रान्स. ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र. बाटलीवर 'कोत द्यु रोन' लिहिलेलं असेल तर बहुधा ग्रनाश पुढे असतं. ग्रनाश टॅनिनला सौम्य आणि लाल फळांच्या चवीचं, म्हणून रश्श्याला जवळचं. अडचण अशी की उन्हात पिकलेल्या ग्रनाशमध्ये साखर भरपूर साठते आणि अल्कोहोल सहज १४.५ च्या पुढे जातं. शातोनफ-द्यु-पाप हे याच भागातलं मोठं नाव, पण तिखट जेवणाला ते जड पडतं. साधी कोत द्यु रोन घ्या, आणि लेबलवर टक्के पाहूनच घ्या.

रिओहा, स्पेन. तेम्प्रानियो मुख्य, जोडीला गार्नाचा, ग्रासियानो आणि माझुएलो. गार्नाचा म्हणजे ग्रनाशच, स्पॅनिश नावाचं. रिओहाच्या बाटलीवर मुरण्याचा काळ कळतो, हा मोठा फायदा. क्रियान्झा किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकमध्ये. रेसेर्वा किमान तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा किमान पाच. तरुण, ओक न लागलेली रिओहा रश्श्याला. क्रियान्झा भरताला आणि सुक्या मटणाला. ग्रान रेसेर्वा सावजीसोबत उघडणं म्हणजे पैसे तर्रीत बुडवणं.

तोस्काना, इटली. किआंतीत सांजोवेसे किमान ७० टक्के लागतं, किआंती क्लासिकोत किमान ८० टक्के. उरलेल्यात दुसरी द्राक्षं येतात. आंबटपणा तरतरीत, टॅनिन मध्यम. वडाभात, टोमॅटो घातलेली भाजी, झुणका-भाकर यांच्याशी पटतं. झुणक्यावर कच्चं तेल आणि लसणाची चटणी असेल, तर हा आंबटपणा तेल कापतो.

भारत. आपल्याला बहुतेक वेळा हेच परवडणार, कारण परदेशी बाटलीवर करांचा भार मोठा असतो. फ्रातेल्लीची सेट्टे ही सांजोवेसे आणि कॅबरने सोविन्यों यांचं ब्लेंड आहे. द्राक्षं सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातली. ग्रोव्हर झाम्पाची ला रेझर्व्ह कॅबरने सोविन्यों आणि शिराझची. ही कंपनी बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची. नाशिकच्या यॉर्कची आरोस शिराझ आणि कॅबरनेची. या तिन्ही ओकमध्ये मुरलेल्या आणि अंगाने भरलेल्या आहेत, तेव्हा त्या सुक्या पदार्थांच्या. रश्श्यासाठी भारतीय वाइनच हवी असेल, तर त्याच उत्पादकांची साधी, ओक न लावलेली शिराझ किंवा शिराझ-कॅबरने शोधा. 'रिझर्व्ह' लिहिलेली बाटली खालच्या फळीवर राहू द्या.

नावांचा क्रमही वाचा. शिराझ-कॅबरने लिहिलं असेल तर सहसा शिराझ जास्त, कॅबरने-शिराझ असेल तर उलट. आणि सिरा व शिराझ हे एकच द्राक्ष. त्याला काळ्या मिरीचा वास येतो तो पिणाऱ्याच्या मनाचा खेळ नाही. रोटंडोन नावाचा जो घटक मिरीला तो वास देतो, तोच या द्राक्षाच्या सालीतही असतो. सावजी मसाल्यात मिरी ठळक असते, त्यामुळे शिराझचा वाटा असलेली वाइन वासाने त्या ताटाशी लगेच जुळते. पुढचं काम तिचं टॅनिन आणि अल्कोहोल आवरण्याचं.

> इशारा: लेबलमागची "तिखट भारतीय जेवणासोबत उत्तम" ही ओळ पाहून बाटली घेऊ नका. तिखट म्हणजे नेमकं किती, हे ती ओळ लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याने सावजी खाल्लेलंच असेल याची काय खात्री!

## टप्पा ३: दुकानात बाटली पारखा

नागपुरात हा टप्पा पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत गोदामं, ट्रक आणि दुकानाची दर्शनी काच, सगळंच तापतं. वाइन गरम झाली की फुगते आणि कॉर्कला आतून ढकलते. ते बाहेरून दिसतं.

बाटली उभी धरा आणि मानेवरच्या वेष्टनावरून अंगठा फिरवा. वरचा भाग सपाट किंवा किंचित आत दबलेला असावा. मधोमध टेंगूळ लागलं तर कॉर्क वर सरकलं आहे. मग वेष्टनाच्या खालच्या कडेला बोट लावा. चिकट लागलं किंवा काचेवर वाळलेला जांभळा ओघळ दिसला, तर वाइन बाहेर येऊन गेली आहे आणि हवा आत. बाटली उजेडाकडे धरून पातळीही पाहा. शेजारच्या बाटल्यांपेक्षा ती खाली असेल तर ठेवून द्या. शेवटी हात लावून बघा. दुकानाच्या काचेजवळची, ऊन खाल्लेली बाटली घेऊ नका, आतल्या एसीतल्या कपाटातली मागा. दुकानदार "सगळं एकच आहे" म्हणेल. म्हणू द्या.

लेबलवरचं साल हे द्राक्षतोडणीचं असतं. आपल्याकडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, एक उन्हाळ्याच्या तोंडी आणि दुसरी पावसाळ्यानंतर, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. बहुतेक भारतीय रेड तोडणीपासून तीन-चार वर्षांत संपवायच्या असतात. "जुनी तितकी चांगली" या समजुतीपायी सात-आठ वर्षांची साधी बाटली हौसेने घेणारे बरेच आहेत. नागपूरच्या सात उन्हाळ्यांनंतर त्यात काय उरणार?

> इशारा: वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि समृद्धी महामार्ग त्याच जिल्ह्यातून जातो. नाशिकच्या वायनरीतून डिक्की भरून नागपूरला निघण्याचा बेत करू नका. उन्हाळ्यात बंद गाडीतल्या उष्णतेने बाटल्या खराब होतील ते वेगळंच. नागपुरातूनच घ्या, संध्याकाळी घ्या आणि थेट घरी न्या. स्कूटरच्या डिक्कीत बाटली ठेवून मध्येच सीताबर्डीत खरेदीला थांबू नका.

## टप्पा ४: घरी ठेवणं

हे थोडक्यात. फ्रिजच्या डोक्यावर नाही, गॅसजवळ नाही, शोकेसमध्ये उजेडात नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात रेड वाइनसुद्धा फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवा. कॉर्कची बाटली आडवी, स्क्रू कॅपची कशीही. दोन-तीन महिने काही बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत आतल्या खोलीतलं बंद कपाटही चालतं.

## टप्पा ५: तापमान आणा

सगळ्यात जास्त बाटल्या इथेच वाया जातात.

"रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची" हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. नवतपा चालू असताना कूलर लावलेली आपली खोली तीसच्या वर असते. तीस अंशांवर रेड वाइनमधलं अल्कोहोल आधी नाकात जातं, फळ मागे पडतं आणि वाइन सुपासारखी कोमट लागते. तिखटासोबत तर विचारूच नका.

आपली उद्दिष्टं अशी ठेवा:

- सावजी रस्सा, पाटवडी आणि हलकं, ओक नसलेलं ब्लेंड: १३ ते १४ अंश.
- भरीत, वडाभात, रिओहा किंवा किआंती: १५ ते १६ अंश.
- सुकं मटण आणि कॅबरने-शिराझ: १६ ते १८ अंश.

पेल्यात ओतल्यावर आपल्या हवेत वाइन भराभर तापते, म्हणून बाटली नेहमी उद्दिष्टाच्या दोन अंश खाली काढा.

बाटली फ्रिजमध्ये असेल तर: ती चार-पाच अंशांवर आहे. बाहेर काढा आणि टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात अर्ध्या तासाने थर्मामीटर लावून बघा, हिवाळ्यात एक-दीड तास लागेल. फ्रिजमधून काढून लगेच वाढलेली रेड ही कोमट रेडच्या अगदी उलटी चूक. अति थंडीत फळ मुकं होतं आणि टॅनिन खरखरीत लागतं. मोठ्या टॅनिनच्या ब्लेंडला हे जास्त बाधतं.

बाटली खोलीत असेल तर: फ्रिजमध्ये दीड ते दोन तास. वेळ नसेल तर बर्फाचं पातेलं. पातेल्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि वर मूठभर जाडं मीठ घालून ढवळा. नुसत्या बर्फात बाटली खोचू नका. खड्यांमधल्या हवेमुळे काचेला बर्फ टेकतच नाही आणि वेळ दुप्पट जातो. पाण्याने काच चहूबाजूंनी वेढली गेली पाहिजे आणि पाणी मानेपर्यंत यायला हवं. दर तीन-चार मिनिटांनी बाटली हलकेच फिरवा. पस्तीस अंशांवरची बाटली अशा पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत सतराच्या आसपास येते. दहा मिनिटांनंतर झाकण काढून पाव पेला ओता आणि त्यात थर्मामीटर धरा. लेबल भिजून सुटायला लागेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

थर्मामीटर नसेल तर मनगटाचा आतला भाग बाटलीच्या खांद्याला लावा. माठातल्या पाण्यापेक्षा थोडी जास्त गार आणि फ्रिजच्या पाण्यापेक्षा बरीच कमी गार लागली, की आपण १५-१६ च्या जवळ आहोत.

> इशारा: फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. वाइन गोठून फुगते, कॉर्क निघतं किंवा काच तडकते. ठेवायचीच असेल तर मोबाइलवर गजर लावा, वीस मिनिटांचा.

> इशारा: पेल्यात बर्फ टाकू नका. पहिले दोन घोट बरे लागतात, मग पेल्यात जांभळं पाणी उरतं.

## टप्पा ६: उघडा, वास घ्या, गरज असेल तरच हवा द्या

जेवणाच्या तासभर आधी उघडा, पाहुणे पानावर बसल्यावर नाही. खराब निघाली तर दुसरी थंड करायला वेळ हवा.

कॉर्कस्क्रू मधोमध आणि सरळ घाला, शेवटचा वेढा बाहेर ठेवा, म्हणजे कॉर्कचा भुगा आत पडत नाही. दोन बोटं वाइन पेल्यात घ्या, पेला फिरवा, वास घ्या. सादळलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर कॉर्कचा दोष आहे; तो हवेने जात नाही. शिजवलेल्या मनुकांसारखा वास आणि विटकरी तपकिरी रंग म्हणजे बाटली कुठेतरी तापली. नेलपॉलिश किंवा शिरक्याचा झोत आला तरी तिला बाजूला करा. नुसता थोडा काडेपेटीसारखा वास असेल तर थांबा, जगात ओतून दहा मिनिटं ठेवा, बहुधा जातो.

हवा देणं सगळ्यांना लागत नाही. साधी कोत द्यु रोन किंवा तरुण रिओहा थेट बाटलीतून वाढा. ओकमध्ये मुरलेली तरुण कॅबरने-शिराझ मात्र जगात ओतून अर्धा ते एक तास ठेवली की सैल पडते. पण उन्हाळ्यात तासभर उघड्या जगातली वाइन तीस अंशांवर जाते, आणि टप्पा ५ ची मेहनत पाण्यात. म्हणून जग गार पाण्याच्या भांड्यात उभा ठेवा आणि अधूनमधून दोन खडे बर्फ त्या पाण्यात टाका.

जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ तळाला बसतो. ओतताना मानेपाशी गाळ दिसू लागला की थांबा.

> तपासा: आता खरी परीक्षा. पातेल्यातला रस्सा चमचाभर चाखा, पाच सेकंद थांबा, वाइनचा छोटा घोट घ्या. घोट गेल्यावर जळजळ वाढली तर बाटली आणखी दोन अंश गार करा आणि तर्री वेगळी काढा. तरीही वाढतेच आहे? मग ही बाटली सुक्या मटणाला द्या आणि रश्श्यासोबत पाणी प्या. नुसती वाइन चाखून घेतलेला निर्णय इथे कामाचा नाही.

## टप्पा ७: वाढण्याचा क्रम

सावजी जेवणात सगळं एकदम पानात येतं. वाइन असेल त्या दिवशी थोडं लांबवा.

पहिल्या फेरीला सुकं: सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर), खिमा, सुकं मटण. सांबारवडीत खोबरं-खसखस आणि तळण, तिखट माफक. ब्लेंडची ओळख होण्यासाठी हा पदार्थ चांगला. दोन बाटल्या असतील तर भारी, टॅनिनची बाटली याच फेरीत उघडा. हे नेहमीच्या "हलकी आधी, भारी नंतर" या नियमाच्या उलट आहे, ठाऊक आहे. पण आपलं ताट शेवटाकडे तिखट होत जातं, तेव्हा वाइन शेवटाकडे हलकी व्हायला हवी.

दुसऱ्या फेरीला रस्सा, ज्वारीची भाकर आणि हलकं, जास्त गार ब्लेंड. घोटाआधी भाकरीचा कोरडा तुकडा खा, रश्श्याचा भुरका मारून लगेच पेला तोंडाला लावू नका. ठेचा या फेरीत नको. कच्चा कांदा चालेल, लिंबू बेताने. भात आला की पेले बाजूला, कारण मागोमाग ताक किंवा कढी येते, आणि दह्याच्या आंबटासोबत रेड वाइन टिकत नाही.

ओतताना पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतही भरू नका. उन्हाळ्यात एका वेळी ७५ मिलिलिटर पुरे. बाटली पातेल्यातल्या गार पाण्यात राहते, पेल्यातली तापायच्या आत संपते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे दहा छोटे पेले होतात. पेला दांडीला धरा, हाताची ऊबही दोन अंश चढवते. पानाशेजारी पाण्याचा तांब्या हवाच. नागपूरच्या उकाड्यात शरीर आधीच कोरडं असतं आणि वाइनने ते आणखी कोरडं पडतं. परत गाडी चालवणाऱ्याला पेला देऊ नका, आग्रहाने तर नाहीच.

नेहमीची चूक इथे आग्रहाचीच होते. पुरणपोळीसारखा पेल्याचा आग्रह झाला की पेला काठोकाठ भरतो, वाइन तापते आणि मग "एवढं काही खास नाही बुवा" असं ऐकावं लागतं.

## टप्पा ८: उरलेली बाटली

जेवण संपल्याबरोबर कॉर्क उलटं न करता, डाग लागलेली बाजू खाली ठेवूनच घट्ट लावा आणि बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर टेबलावर राहिली तर सकाळी अर्धी गेलेली असते. अर्ध्यापेक्षा कमी उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. दोन ते तीन दिवस चव धरून राहते. शिराझ-कॅबरने थोडी जास्त टिकते, ग्रनाश आधी मिटतं.

दुसऱ्या दिवशीची वाइन उरलेल्या सुक्या मटणासोबत चांगली लागते, कारण रात्रीत मसाला मुरलेला असतो आणि वाइनचं टॅनिनही जरा नरमलेलं असतं. चौथ्या दिवशी वास घ्या. शिरक्याकडे झुकली असेल तर रश्श्यात ढकलू नका. सावजी मसाल्यात वाइनचा आंबटपणा उपरा लागतो. कांदा, लसूण आणि थोडा गूळ घालून ती आटवा, निम्मी होऊ द्या, आणि मटण भाजण्याआधी त्या पाकात तासभर मुरवत ठेवा.